आधी ऐका, मग मागा: ओलीस सोडवणाऱ्यांची बोलण्याची पद्धत घरातल्या अवघड प्रसंगात कशी वापरायची

अवघड बोलण्याची तंत्रं शिकून आलेली माणसं घरी आल्यावर एक चूक हमखास करतात. समोरच्याचे शब्द परत म्हणणं, त्याच्या भावनेला नाव देणं, मध्येच थांबणं हे सगळं पाच मिनिटांत उरकतात आणि सहाव्या मिनिटाला मुद्द्यावर येतात: "ते सगळं खरं बाबा, पण आता स्कूटर बंद म्हणजे बंद." बाबा उठून आत जातात. मग "असलं काही आपल्याकडे चालत नाही" म्हणून सगळंच सोडून दिलं जातं.

ओलीस धरलेल्यांची सुटका करताना किंवा गच्चीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना पोलिसांचे निगोशिएटर, म्हणजे वाटाघाट करणारे, क्रमाला फार जपतात. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या प्रशिक्षणात तो पाच पायऱ्यांचा जिना म्हणून शिकवतात: लक्ष देऊन ऐकणं, समोरच्याच्या जागी उभं राहून बघणं, दोघांत विश्वास जुळणं, आपल्या शब्दाला वजन येणं आणि शेवटी त्याच्या वागण्यात बदल. आपण घरी थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो आणि त्याला 'समजावून सांगणं' म्हणतो. समोरच्याला समजत नाही, हे त्या शब्दात आधीच ठरवून टाकलेलं असतं. 'समजूत काढणं' हा आपलाच जुना शब्द मला जास्त पटतो. त्यात समोरच्याजवळ बसणं येतं.

लेखभर एकच उदाहरण धरते, माझ्या वडिलांचं. वय ७६, साताऱ्यात एकटे राहतात, वर्षभरात दोनदा स्कूटरवरून पडलेले. मी ठाण्याला. पहिल्या खेपेला मी क्रम चुकवला आणि पुढचे तीन महिने ते माझ्याशी फोनवर फक्त पावसापाण्याचं बोलले. दुसऱ्या खेपेला जे केलं, ते खाली आहे.

सुरुवातीआधीचा इशारा: घरात मारहाण होत असेल किंवा कुणी धमकावत असेल, तर ही पद्धत तिथे वापरू नका. निगोशिएटर एकटा नसतो, त्याच्या मागे सगळं पथक उभं असतं. तुम्ही एकट्या असाल तर आधी तिथून बाहेर पडा. ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ आहे.

टप्पा १: आदल्या दिवशी कागद घेऊन बसा

तयारी मनातल्या मनात होत नाही. निगोशिएटर भिंतीवर तक्ते लावतात: काय मागण्या आहेत, कोणत्या विषयाने माणूस शांत होतो, कोणत्या शब्दाने भडकतो. आपल्याला वहीचं एक पान पुरतं. त्यावर चार गोष्टी लिहा.

१. मला नेमकं काय हवंय, एका वाक्यात. "बाबांनी माझं ऐकावं" ही मागणी होत नाही. "बाबांनी हायवेवर आणि अंधार पडल्यावर स्कूटर चालवू नये" ही होते. पहिल्या खेपेला माझ्या डोक्यात 'स्कूटर विकून टाका' होतं. लिहायला बसल्यावर कळलं, एवढं मोठं मागायची गरजच नव्हती.

२. माझं ऐकलं तर त्यांचं काय जाणार? सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सकाळची मंडई, मित्रांचा कट्टा, आईच्या आजारपणात हॉस्पिटलला घातलेल्या फेऱ्या, हे सगळं त्या स्कूटरवर झालेलं. या प्रश्नाचं उत्तर लिहिता येत नसेल, तर उद्याचं बोलणं पुढे ढकला.

३. कोणत्या शब्दांनी ठिणगी पडते? आमच्याकडे 'वय' आणि 'या वयात'. तुमच्याकडे 'तुझ्या माहेरचे' असेल, 'शर्माजींच्या मुलाला बघ' असेल, किंवा जुन्या उधारीचा विषय असेल. ते शब्द लिहून त्यावर काट मारा.

४. ते माझ्यावर काय आरोप करतील? "ठाण्यात बसून हुकूम सोडतेस." "दिवाळीला दोन दिवस येतेस आणि घर चालवायला बघतेस." जितके बोचरे आठवतील तितके लिहा. प्रत्यक्षात ते कानावर पडतात तेव्हा आपण उसळतो, कारण आपण बेसावध असतो. लिहिलेला आरोप निम्मा बोथट होतो. त्यातला सगळ्यात मोठा आपण स्वतःच आधी बोलून टाकायचा आहे, ते टप्पा ३ मध्ये येईल.

तपासा: पहिल्या ओळीतली मागणी रास्त आहे का? हे मुद्दाम विचारते आहे. "ताई, हक्कसोडपत्रावर सही कर ना, नुसती फॉर्मॅलिटी आहे" हे साधण्यासाठी ही कौशल्यं वापरणारे भाऊ मी पाहिले आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने दिला आहे. तिचा हक्क गोड बोलून सोडवून घेणं ही वाटाघाट नव्हे, फसवणूक आहे. बहिणीने काय ठरवायचं ते तिला सगळी कागदपत्रं आणि किमती दाखवून तिचं तिने ठरवू द्या.

टप्पा २: वेळ, जागा आणि कोण बोलणार

बोलणारा एकच. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. पोलिसांच्या पथकात एक जण बोलतो, दुसरा त्याच्या शेजारी बसून ऐकतो आणि चिठ्ठ्या सरकवतो. आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. विषय निघाला की दादा, वहिनी, मावशी, व्हिडिओ कॉलवरचा भाचा असे पाच जण एकदम सुरू होतात, आणि मधल्या माणसाला कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं. माझा भाऊ त्या दिवशी शेजारी होता. तो फक्त चहा करणार आणि मी चिडायला लागले की "पाणी आणू का?" विचारणार, असं आमचं ठरलं होतं. त्याने दोनदा विचारलं.

मामांना किंवा काकांना मध्यस्थ म्हणून बोलवायची घाई करू नका. निगोशिएटरही नातेवाइकाच्या हातात फोन द्यायला कचरतात, कारण समोरच्याचं दुखणं त्याच नातेवाइकाशी जोडलेलं असू शकतं. "मामांचं ते ऐकतात" ही आपली समजूत असते. मामांसमोर ते गप्प बसतात, एवढंच खरं असतं.

गणपतीत, लग्नात, बाराव्याला सगळे जमलेत म्हणून विषय काढू नका. चारचौघांत माघार घेणं कुणालाच जमत नाही. जेवणानंतरची निवांत वेळ बरी. उपाशी आणि दमलेल्या माणसाशी नको. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसा, नाहीतर फिरायला जा. दोन तास हाताशी ठेवा. परतीच्या गाडीची वेळ झालेली असेल तर सुरूच करू नका. आणि आधी सांगा: "बाबा, उद्या जेवण झाल्यावर स्कूटरबद्दल थोडं बोलायचंय. मला तुमचं ऐकायचंय." अचानक गाठलं की माणूस ढाल पुढे करतो.

टप्पा ३: पहिली वीस मिनिटं फक्त ऐकणं

न्यूयॉर्क पोलिसांच्या ओलीस-वाटाघाटी पथकाचं ब्रीद आहे 'माझ्याशी बोला'. बोला म्हणायचं आणि मग खरंच बोलू द्यायचं. या टप्प्यावर घाई केली तर पुढचे सगळे टप्पे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबून सांगते.

आरोप आधी आपणच काढा. मी सुरुवात केली ती अशी: "बाबा, तुम्हाला वाटेल, ही ठाण्यात बसून हुकूम सोडते. आणि मागच्या वेळी मी तसंच बोलले होते." ते काहीच बोलले नाहीत, पण हातातला पेपर खाली ठेवला.

आवाज खाली आणा. शेजारी तान्हं बाळ झोपलेलं असताना आपण बोलतो तो स्वर धरा. समोरचा तापला की आपण त्याच्या पट्टीत जातो. तुम्ही संथ राहिलात तर काही मिनिटांत तो तुमच्या पट्टीत येतो.

'का' ऐवजी 'काय' आणि 'कसं' विचारा. "का चालवता?" हा मराठीत प्रश्न राहत नाही, जाब होतो. "पडलात त्या दिवशी काय झालं होतं?", "सकाळचं सगळं कसं चालतं तुमचं?" असं विचारलं की माणूस गोष्ट सांगायला लागतो.

हुंकार द्या. आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. तोच इथे लागतो: "हं", "मग?", "अच्छा", "अगं बाई". मोबाइल बघत दिलेला हुंकार लगेच ओळखू येतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

शेवटचे दोन-तीन शब्द परत म्हणा आणि थांबा. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं तंत्र. आमचं बोलणं असं झालं:

"रिक्षाने जायचं म्हणजे सगळा दिवस जातो."
"सगळा दिवस जातो?"
"मग काय! स्टँडवर अर्धा तास उभं राहायचं. ओळखीचे विचारतात, काका, गाडी कुठे?"
"गाडी कुठे, असं विचारतात..."
"विचारतातच. काय सांगणार त्यांना?"

यानंतर मी गप्प बसले. मनात आठपर्यंत आकडे मोजले. शांतता आपल्याला टोचते म्हणून आपण ती सल्ल्याने भरतो. ती त्यांना भरू द्या. त्या थांब्यानंतर बाबा जे म्हणाले, ते मला वर्षभरात कळलं नव्हतं: "तुझी आई असताना कुणी विचारायचं नाही."

इशारा: प्रत्येक वाक्य परत म्हणाल तर ती पोपटपंची होते. चार-पाच वाक्यांतून एकदा पुरे. आणि स्वरात आश्चर्य किंवा टोमणा नको. "सगळा दिवस जातो?" हेच शब्द खोचक सुरात म्हटले तर तिथेच संपलं.

तपासा: वीस मिनिटांत तुम्ही पाचेक मिनिटांपेक्षा जास्त बोललात का? 'पण' किती वेळा आला? माझ्या भावाने बोटांवर मोजले होते. पहिल्या खेपेला चौदा, या खेपेला एक.

टप्पा ४: भावनेला नाव द्या, मग सगळं त्यांच्याच शब्दांत परत सांगा

"मला तुमच्या भावना समजतात" हे वाक्य कायमचं टाकून द्या. नेमकी कोणती भावना, ते सांगा. आणि ठामपणे नको, अंदाजाने: "असं दिसतंय की...", "मला ऐकताना असं वाटलं की...". "तुम्हाला राग आलाय" म्हटलं की उत्तर येतं, "मला राग-बिग काही आलेला नाही!"

अडचण अशी की रोजच्या बोलण्यात आपल्याकडे राग, टेन्शन आणि कंटाळा एवढेच शब्द उरलेत. मराठीत याहून कितीतरी नेमके शब्द आहेत, ते आदल्या दिवशीच्या कागदावर लिहून ठेवा: अपमान वाटणं, परकं वाटणं, गृहीत धरलं जाणं, घुसमट, जीव टांगणीला लागणं, मन उडणं, ओशाळवाणं वाटणं, एकटं पडणं. बारावीत कमी मार्क पडलेला मुलगा दार लावून बसतो तेव्हा तो 'चिडलेला' आहे असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा तो ओशाळलेला असतो, आणि तो शब्द कुणी हळूच उच्चारला तर दार उघडतं.

अंदाज चुकला तरी बिघडत नाही. मी म्हटलं, "रिक्षासाठी उभं राहणं तुम्हाला अपमानाचं वाटतं, असं दिसतंय." बाबा म्हणाले, "अपमान नाही गं. पण माणूस निकामी झाला, असं बघतात लोक." त्यांनी मला दुरुस्त केलं आणि नेमका शब्द स्वतःच दिला: निकामी. पुढचं सगळं बोलणं त्या एका शब्दावर चाललं.

मग सारांश सांगा. नवीन काही घालायचं नाही, शेवटी सल्ला जोडायचा नाही: "म्हणजे, आई गेल्यापासून सकाळी मंडई आणि कट्टा एवढंच तुमचं स्वतःचं राहिलंय. स्कूटर गेली तर तेही दुसऱ्याच्या वेळेवर जाईल. आणि लोकांना वाटेल, हा माणूस निकामी झाला. पडलात तेव्हा लागलं त्यापेक्षा हे जास्त लागतंय."

तपासा: उत्तर काय येतं ते नीट ऐका. "हो हो, बरोबर आहे तुझं" आलं तर तुम्हाला वाटेला लावलं जातंय. टप्पा ३ वर परत जा. "तेच तर म्हणतोय मी!" आलं तर सारांश पोचला. मी या चारच शब्दांची वाट बघते. ते येईपर्यंत काहीही मागायचं नाही.

इशारा, आणि हा फार महत्त्वाचा: बोलता बोलता कुणी "आता जगून काय करू", "माझ्यानंतर तुमचं बरं होईल" असं म्हणालं, तर मूळ विषय तिथेच सोडा. "असं बोलू नये" म्हणून झटकू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. घरात फवारणीचं औषध किंवा गोळ्यांचा साठा असेल तर तो हलवा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही. धोका आत्ताचाच असेल तर ११२.

टप्पा ५: त्याच बैठकीत मागू नका

शक्य असेल तर एक रात्र जाऊ द्या. वेळ जाईल तसा भावनेचा जोर उतरतो आणि डोकं चालायला लागतं, म्हणून निगोशिएटर घड्याळाला घाबरत नाहीत. मी त्या रात्री एवढंच म्हटलं, "बरं झालं सांगितलंत. मला हे माहीत नव्हतं." आणि विषय बंद. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनीच विचारलं, "मग तुझं काय म्हणणं होतं?" समोरून असं विचारलं जाणं म्हणजे चौथी पायरी आली.

टप्पा ६: मागणी मांडा

आता कागदावरचं पहिलं वाक्य काढा. 'तुम्ही' ने सुरू होणारं वाक्य मोडून 'मला' ने सुरू करा. "तुम्ही ऐकतच नाही" ऐवजी: "रात्री नऊनंतर तुमचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण दोन्ही वेळा पडल्याचा फोन रात्रीच आला होता." यात खोडून काढण्यासारखं काही नाही. मात्र 'मला' वाक्यात आरोप लपवू नका. "मला वाटतं तुम्ही हट्टी आहात" हे तेच जुनं वाक्य आहे.

मग उपाय त्यांनाच विचारा: "मंडई आणि कट्टा तुमच्या वेळेवर चालू राहील आणि रात्रीचा हायवे टळेल, असं कसं करता येईल?" बाबांनी स्वतःच सुचवलं की संध्याकाळच्या कीर्तनाला जाताना गल्लीतल्या ओळखीच्या रिक्षावाल्याला महिन्याने पैसे ठरवून द्यावेत. रिक्षा दारात येणार, स्टँडवर उभं राहणं नाही. ही तोड मला कधीच सुचली नसती, कारण मला 'निकामी' हा शब्दच माहीत नव्हता.

चुका ज्या इथे होतात:

जे हातात नाही त्याचं वचन देणं. "दर शनिवारी येईन" म्हणालात आणि तिसऱ्या शनिवारी आला नाहीत, तर मिळालेला विश्वास गेला. शंका असेल तर "दादाशी बोलून उद्या सांगते" म्हणा. निगोशिएटरच्या हातात अंतिम निर्णय मुद्दाम देत नाहीत, त्यामागचं एक कारण हेच: विचारून सांगतो म्हणायची सोय राहते.

मुदत घालणं. "रविवारपर्यंत ठरवा नाहीतर..." म्हणालात की रविवारी तुम्हालाच काहीतरी करून दाखवावं लागतं.

मिळालं की लगेच आणखी मागणं. १९९३ साली टेक्सासमधल्या वेको इथे एका पंथाच्या वस्तीला ५१ दिवस वेढा पडला होता. निगोशिएटरांशी बोलून आतून ३५ जण बाहेर आले. पण माणसं बाहेर पाठवल्यानंतरही दुसरीकडे वीज तोडणं, रात्रभर कर्कश आवाज लावणं असं दडपण वाढत गेलं. ऐकलं तरी शिक्षाच मिळते, असा त्याचा अर्थ आतल्यांनी घेतला. शेवट फार वाईट झाला. घरातही असंच घडतं. बाबा रात्रीची स्कूटर सोडायला तयार झाले, त्याच क्षणी भाऊ म्हणणार होता, "आणि एटीएम कार्डही माझ्याकडे द्या." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो विषय सहा महिन्यांनी काढला.

मध्येच भडका उडाला तर

उडतोच. आपल्याच कानशिलांत ठणका लागला, आवाज चढला, 'तू' वरून एकदम टोमण्यातल्या 'तुम्ही' वर घसरलो, की समजा आपली वेळ संपली. दाणकन दार आपटून जाऊ नका; कधी परत येणार ते सांगून उठा: "मला आत्ता नीट बोलता येत नाहीये. पाणी पिऊन दहा मिनिटांत येते." आणि दहा मिनिटांत या. आल्यावर मुद्द्यापासून सुरू करू नका, शेवटच्या सारांशापासून करा. समोरचा ओरडत असेल तर त्याच्या ओरडण्याला उत्तर देऊ नका, त्याखालच्या गोष्टीला द्या: "हे फार दिवसांचं साठलंय, असं दिसतंय."

टप्पा ७: पक्कं करा

'ठीक आहे, बघू' म्हणजे होकार नव्हे. काय ठरलं ते त्यांनाच तीन वेगवेगळ्या वळणांनी म्हणू द्या: "म्हणजे कीर्तनाला कसं जाणार?", "रिक्षा आली नाही तर काय करायचं?", "पैसे कधी द्यायचे?" दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक करार मोडतात, म्हणून तो नक्की विचारा. आमच्याकडे उत्तर ठरलं: रिक्षा आली नाही तर त्या दिवशी कीर्तन नाही, आणि बाबा मला फोन करून सांगणार. मग कॅलेंडरवर खूण करा आणि आठव्या दिवशी फोन करा. "पाळताय ना?" असं विचारू नका. "रिक्षावाला वेळेवर येतो का?" असं विचारा. आठव्या दिवशी बाबांनी सांगितलं की तो पाच मिनिटं आधीच येऊन हॉर्न वाजवतो, ते त्यांना आवडत नाही. तेवढं मी भावाला सांगितलं, भावाने रिक्षावाल्याला.